थेंब वाळेपर्यंत

रक्ताच्या थेंबासाठी सुई टोचावी लागते आणि सुई म्हटली की आमच्या कॉलनीतले मिशीवाले पुरुषसुद्धा बायकोला पुढे करतात. थुंकीचं तसं नाही. थुंकीच्या बाबतीत आमच्या कारंजा गावात कोणी कंजूष नाही. भिंत दिसली, जिना दिसला, नुकताच रंगवलेला विजेचा खांब दिसला, की लोक ती मोकळ्या मनाने देत आले आहेत. म्हणून मी संशोधनासाठी थुंकी निवडली. हा निर्णय पूर्णपणे शास्त्रीय होता हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून आमच्या नातेवाइकांनी भलतेच निष्कर्ष काढले आहेत.

रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. टेबलावर चहा सांडून वाळला की डागाच्या कडेला गडद रेघ उरते आणि मधला भाग फिका पडतो. आपल्याकडे बायका हा डाग फडक्याने पुसतात. शास्त्रज्ञ त्याच्याकडे बघत बसले. थेंब कडेने आधी वाळतो, मग आतलं पाणी कडेकडे धावतं आणि सोबत जे काही असेल ते ओढून नेतं. मागे एक नक्षी उरते. थेंब रक्ताचा असो, लाळेचा असो की अश्रूंचा, निरोगी माणसाची नक्षी वेगळी आणि आजारी माणसाची वेगळी. त्यावरून रोग ओळखता येईल का याचा अभ्यास अजून चालू आहे, असं शेवटी बारीक अक्षरात छापलं होतं. बारीक अक्षरं मी वाचत नाही, डोळ्यांना त्रास होतो.

मी मोहोड सर. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे फळ्यावर अमिबा काढतो आणि पोरं वहीत त्याची पोळी करतात. त्याशिवाय शाळेतल्या तंबाखूमुक्ती मोहिमेचा मी प्रमुख आहे. दरवर्षी फेरी काढतो, शपथ देतो. शपथेचा मजकूर माझाच आहे, आणि तो घरी मोठ्याने म्हणून बघायची मला सवय आहे. बायको उज्ज्वला अशा वेळी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त आपटते. तिला भाषेची गोडी नाही, असं मी समजत होतो.

सूक्ष्मदर्शक शाळेत होता. कपाटात, पंधरा ऑगस्टच्या पताकांखाली. तो घरी न्यायचा म्हणजे अर्ज आला. 'प्रयोजन' या रकान्यात मी 'मानवजातीचे कल्याण' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून सांगितलं की असं प्रयोजन नमुन्यात बसत नाही. नमुन्यात तीनच प्रयोजनं होती: दुरुस्ती, प्रदर्शन आणि निर्लेखन, म्हणजे भंगारात काढणं. या देशात विज्ञान का वाढत नाही, असं लोक विचारतात. त्यांनी हा नमुना एकदा बघावा. शेवटी 'दुरुस्ती' लिहिलं. तेव्हापासून शाळेचा कारकून मला रोज, सगळ्यांच्या देखत, झाली का दुरुस्ती असं विचारू लागला.

पहिला थेंब माझा. तो वाळल्यावर भिंगातून पाहिलं तर कडेला नाजूक रेघ, मधे नेच्याच्या पानांसारखी नक्षी. इतकी सुबक थुंकी मी पाहिली नव्हती. काचेवर 'निरोगी' अशी चिठ्ठी लावली आणि हाच नमुना प्रमाण मानायचं ठरवलं. मग उज्ज्वलाला हाक मारली. तिने पदर तोंडाला लावला आणि मी नाही म्हणजे नाही, इतकंच म्हणाली. मी तिला शास्त्रज्ञांच्या बायकांची उदाहरणं दिली. ती म्हणाली, त्यांना धुणं नसेल. अडाणीपणापुढे वाद घालत नाही मी. पुढे सबंध कॉलनी रांगेत उभी राहिली तरी या बाईने एक थेंब दिला नाही.

दुसरा थेंब शेजारच्या दौलतरावांचा. दौलतरावांचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी आणि आम्ही जिला सांबार म्हणतो ती कोथिंबीर बाजारात आणतात आणि उरलेला वेळ मला सल्ले देतात. मी विहीर खणत असतो तरी त्यांनी वरून इतकं मार्गदर्शन केलं नसतं, जितकं त्यांनी या एका थेंबावर केलं. काच उताणी धरा, उन्हात नको, सावलीत नको, पंखा लावा, पंखा बंद करा. त्यांच्या गालात बारा महिने खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, असतो. पण नमुन्याच्या शुद्धतेबाबत मी फार कडक आहे. आधी तोंडातला खर्रा थुंकून टाका, मग थेंब द्या, असं मी बजावलं. त्यांनी तो दाराजवळच्या जास्वंदीच्या कुंडीत टाकला आणि लगेच, ताबडतोब, शुद्ध थेंब दिला.

थेंब वाळला. मी भिंगाला डोळा लावला आणि हादरलो. नेच्याची पानं कुठेच नाहीत. सगळीकडे पांढरे ओबडधोबड कण, कडेला त्यांचे ढीग, मधे तडे. मी काहीच बोललो नाही. डॉक्टर लोक असंच करतात. शेवटी दौलतरावच म्हणाले, "सर, जे असन ते सांगा. मी मन घट्ट केलं."

या रोगाचं नाव कोणत्याच पुस्तकात नव्हतं, तेव्हा मीच ठेवलं: श्वेतकण विकार. नाव ऐकून दौलतराव खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत घरोघरी वांगी वाटली. खाऊन घ्या, माह्या हातची शेवटची, असं प्रत्येक दारात सांगत फिरले. चिंतेने माणूस खर्रा जास्त खातो. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर विकार दुपटीने वाढलेला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात माझ्या निदानाचा अभिमान वाटून घेतला.

मग रांग लागली. मळेवाले, रिक्षावाले, पतसंस्थेचे वसुलीवाले, एक निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर. सगळे जास्वंदीच्या कुंडीत तोंड रिकामं करायचे आणि मग अदबीने काचेवर थेंब द्यायचे. जवळजवळ प्रत्येक पुरुषाला श्वेतकण विकार. बायकांमध्ये कमी, लहान मुलांमध्ये नाहीच. वयात आलेल्या पुरुषांना गाठणारी साथ, असं टिपण करून मी आरोग्य खात्याला कळवलं. तिकडून उत्तर आलं की साथ विहित नमुन्यात कळवावी आणि सोबत वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. दाखला कोण देणार, त्या साथीचा शोध लागलेला एकटा मीच. दरम्यान जास्वंद वाळली. ते मी उन्हावर ढकललं.

एके दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. गल्लीत माणसं येतात, थुंकतात आणि जातात, तेव्हा इथे पानठेला चालू आहे का, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं ही प्रयोगशाळा आहे. मग परवाना दाखवा म्हणाला. मी म्हटलं तशी प्रयोगशाळा नाही. मग पानठेलाच म्हणाला. एक तासभर आमचा हा संवाद गोल फिरला. शेवटी स्वच्छतेची स्पर्धा चालू आहे म्हणून त्याने माझ्याच फाटकाला 'येथे थुंकू नये' अशी पाटी ठोकायला लावली. दुसऱ्या दिवसापासून रांग त्या पाटीखाली उभी राहू लागली, आणि जाणारे-येणारे थांबून आधी पाटी वाचायचे, मग मला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण घरात तनुजाच्या लग्नाचं चाललं होतं.

तनुजा माझी एकुलती एक मुलगी, इथल्याच पतसंस्थेत नोकरी करते. याआधीची दोन स्थळं माझ्यामुळे मोडली, असं ती म्हणते. एकाचं अक्षर मला पसंत पडलं नव्हतं आणि दुसरा नाकाऐवजी तोंडाने श्वास घेत होता. मी फक्त निरीक्षण नोंदवलं होतं. आता तिसरं स्थळ जऊळक्याचं. वडील पुंजाजी, घरची बागायत. मुलगा शिवम, वाशिमला ठिबक सिंचनाचं दुकान. तनुजाला तो आवडला होता. दोघं फोनवर बोलत होती, हे मला माहीत नाही असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. मुलाच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात 'निर्व्यसनी' लिहिलं होतं. ते मी वाचलं, अक्षरं मोठी होती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तनुजा माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, यावेळी काही काढू नका. मला हेच घर पाहिजे." मी काही बोलणार नाही असा शब्द दिला. शब्द बोलण्यापुरताच दिला होता, तपासण्याबद्दल तिने काही विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी सासूबाई चतुराबाई शेलूबाजारहून जीपने आल्या. नातीचं पाहणं म्हणून. दारातच मी त्यांचा थेंब घेतला. वाळल्यावर पाहतो तर श्वेतकण, दौलतरावांच्या तोडीस तोड. बाईमाणसात एवढा विकार मी पाहिला नव्हता. मी उज्ज्वलाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आईंचं काही खरं नाही. उज्ज्वला माझ्याकडे बघतच राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी दुःखाचं असावं असं मी धरून चाललो. सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून राम राम म्हणू लागल्या.

पाहुण्यांसाठी मी योजना आखली. आमच्या सेटमध्ये निळ्या फुलांचा एकच वेगळा कप उरला आहे. तो मुलाला द्यायचा, आणि रिकामा झाला की न धुता स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा, असं मी उज्ज्वलाला बजावलं. कायले, असं तिने विचारलं. मी म्हटलं, शास्त्र. एवढ्या संसारात तिला कळून चुकलं आहे की शास्त्र म्हटल्यावर मी पुढे ऐकत नाही.

रविवारी पाहुणे आले. पुंजाजी धोतर-टोपीतला दणकट माणूस, सोबत शिवम. आमच्याकडून दौलतराव, मरायला टेकलेले असले तरी नवा सदरा घालून. आलूबोंडे झाले, चहा झाला. चहाच्या वेळी मी पुंजाजींना जमिनीतल्या पाण्याबद्दल सविस्तर सांगत होतो. ते ज्या पाण्यावर आयुष्यभर शेती करत आले त्याबद्दल त्यांना काहीच शास्त्रीय माहिती नव्हती. या सांगण्यात कप कधी आत गेला ते मला दिसलं नाही. थोड्या वेळाने पाणी पिऊन येतो म्हणून आत गेलो. निळ्या फुलांचा कप खिडकीत होता, तळाला घोटभर उरलेलं. मी थेंब काचेवर घेतला, टेबल फॅन लावला, थेंब वाळेपर्यंत तिथेच उभा राहिलो. चहाचा रंग मनातल्या मनात वजा केला. पाहिलं. श्वेतकण.

आता विचार करा, बाप म्हणून मी काय करायला हवं होतं. मी तेच केलं. हातात काच घेऊन बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की मुलाला असाध्य विकार आहे, हे लग्न होऊ शकत नाही. तनुजा दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले, आणि मला वाटलं ती मला शिव्या देईल, पण ती नुसती चौकटीला टेकली. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

पुंजाजी शांतपणे म्हणाले, "कोनता विकार हाये पोराले? नाव सांगा."

मी नाव सांगितलं. नाव ऐकून त्यांना काही बोध झाला नाही, तेव्हा उदाहरण दिलं. दौलतरावांना हाच आहे, आणि माझ्या सासूबाईंनाही, त्यांचं तर आता मोजकंच राहिलंय. आवाज मी खाली ठेवला होता. पण शिक्षकाचा खालचा आवाजही शेवटच्या बाकापर्यंत जातो.

आतून राम राम थांबलं. मग चतुराबाईंचा खणखणीत आवाज आला. "उज्ज्वले, माही डबी दे वं. मरूनच राह्यली त आता चोरून कायले खाऊ?"

कोणाला काही कळेना. उज्ज्वला जागची हलली नाही. तेव्हा म्हातारी स्वतः उठली, पिशवीतून डबी काढून सरळ बैठकीत आली आणि आम्हा सगळ्यांसमोर खाली बसली. डबीचं एक झाकण उघडून तंबाखू काढली, दुसरं झाकण उघडून नखाने चुना घेतला, तळहातावर मळली आणि ओठाआड सोडली. मळताना चुन्याची पांढरी कणी माझ्या पायाशी पडली. मी कणीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. मग दौलतरावांच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं. खर्राही चुना घालूनच घोटतात.

दौलतरावांची शेती मोठी आहे, डोकंही चालतं. "म्हन्जे सर, तो चुना होता?" त्यांनी विचारलं. "आन मी वांगे वाटून बसलो."

माणसाची परीक्षा अशा वेळी होते. मी क्षणभर गडबडलो, पण सावरलो. रोग नसेल तर नसेल, यंत्र तर खरंच बोलत होतं. जो चुना खातो तो पकडला जातो. मी वळून पुंजाजींना म्हटलं, म्हणजे तुमचा मुलगा लपून खर्रा खातो आणि माहितीपत्रकात निर्व्यसनी लिहितो. रोगी परवडला, खोटारडा नको.

आता मात्र पुंजाजी उठले. टोपी डोक्यावर घट्ट केली. "सर, तुमी शिकेल मानूस, म्हनून ऐकून राह्यलो. माहा पोरगा खर्रा सोडा, चहाबी पेत नाही."

शिवम खाली मान घालून म्हणाला, "काका, मी कप हातात घेतला फक्त. नाही म्हटलं तर बरं दिसणार नाही म्हणून. तसाच भरलेला आत गेला."

पुंजाजी दाराकडे निघाले. त्यांच्या मागे शिवम. तनुजाने बाजूला होऊन वाट दिली. ते उंबऱ्यापर्यंत पोचले होते. तेवढ्यात उज्ज्वला पुढे आली. इतकी वर्षं चारचौघांत ती तोंडाला पदर लावून उभी राहते, तो तिने खाली घेतला.

"थांबा जी. तो चहा मी पेली," ती म्हणाली. "पाव्हन्याचा भरला कप मोरीत कायले ओतू? पेली आन यायनं सांगतल्यावानी खिडकीत ठेवला. पोराचा काही दोष नाही. चुना माह्या तोंडातला हाये."

माझ्या तोंडून शुद्ध भाषा गेली. "मले काहून नाही सांगतलं?" असं मी म्हणालो.

"तुमी शपथ देता," ती म्हणाली. "इचारता कुठं? सगळ्या गावाचं थुक पाह्यलं. माह्या तोंडाकडं एक डाव पाह्यलं असतं, त भिंग लागलं नसतं."

मी काच हातात घेऊन उभा होतो. ठेवायला जागा सुचत नव्हती. मुलीच्या लग्नासाठी या बाईने चारचौघांत स्वतःची अब्रू काढून ठेवली होती, आणि मी एवढी वर्षं शपथेतले शब्द बदलत बसलो होतो. मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

पुंजाजी उंबऱ्यावरून परत आले. उज्ज्वलासमोर थांबले. मग बंडीच्या खिशातून स्वतःची डबी काढली आणि अदबीने पुढे केली.

"घ्या, ईनबाई," ते म्हणाले.

आमच्याकडे ईनबाई म्हणजे व्याह्याची बायको, आणि सोयरीक पक्की झाल्याशिवाय हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. उज्ज्वलाने चिमूट घेतली, माझ्याकडे बघत घेतली. चतुराबाई म्हणाल्या, चुना जास्त नको घेऊ, तोंड भाजते. तनुजा रडत होती आणि हसत होती. दौलतराव शिवमला सांगू लागले की साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, वांगी त्यांच्या मळ्यातली, आणि या वेळी शेवटची नाहीत.

पाहुणे गेल्यावर मी उज्ज्वलाला खिडकीपाशी बोलावलं. आता कशानं पाहता, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नुसत्या डोळ्यांनी. बराच वेळ ती तयार होईना. मग तिने तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. मी बोटाने पुसून पाहिला. तो चुना नव्हता.

तिखट लागते तिथं, लय दिसापासून लागते, असं ती सहज म्हणाली. आमच्या घरात भाजी अलीकडे सपक होऊ लागली होती आणि मी त्याबद्दल तिला दोनदा बोललो होतो.

सोमवारी सकाळी मी सूक्ष्मदर्शक पताकांखाली परत ठेवला आणि रजेचा अर्ज दिला, तिला अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवायला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. बराच वेळ पेन धरून बसलो आणि 'दुरुस्ती' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. एरवी त्यांनी त्यावर अर्धा तास घेतला असता. त्यांनी ते खोडलं, वर स्वतःच्या हाताने 'घरगुती कारण' लिहिलं, सही केली आणि बस किती वाजता आहे ते विचारलं.